चौथ्या दिवशीचा उतार पत्रकात छापू नका

प्रति,
महाराष्ट्रातील गिर्यारोहण संस्था, ट्रेकिंग क्लब आणि गुलमर्गला बॅककंट्री स्कीइंगच्या (म्हणजे देखरेखीच्या हद्दीबाहेरच्या उतारांवरच्या) सहली काढणारे सर्व आयोजक यांस

विषय: गुलमर्गजवळच्या अफरवट शिखराच्या उतारांवर गट नेण्याआधी हिमस्खलनाचा अंदाज कसा घ्यावा, याबद्दल

सप्रेम नमस्कार.

गुलमर्गच्या नवशिक्यांच्या बेबी स्लोपवर किंवा सरकारी संस्थेच्या कोर्सला माणसं नेणाऱ्यांना या पत्रात फारसं काही सांगायचं नाही. हे पत्र आहे ते गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावरून हद्दीबाहेरच्या उतारांवर गट उतरवणाऱ्यांसाठी, आणि यंदा तसा विचार करणाऱ्यांसाठी. मागणी एकच आहे. तारखा, मुक्काम, जेवण, गाइड, भाड्याचं सामान, सगळं पत्रकात छापा. उताराचं नाव मात्र छापू नका. 'चौथा दिवस: अफरवट ते अमुक बोल' (बोल म्हणजे डोंगरातला वाटीसारखा खोलगट उतार) असं छापलं की त्या दिवशी बर्फ कसं आहे हा प्रश्नच उरत नाही. निर्णय दोन महिने आधी डीटीपीच्या टेबलावर झालेला असतो आणि गटातला प्रत्येक जण त्या ओळीचे पैसे भरून आलेला असतो.

गोंडोलाचा दुसरा टप्पा माणसाला 3,950 मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. दम न लागता, काही मिनिटांत. त्याखालचा मुख्य बोल स्की पेट्रोल या गस्ती पथकाच्या देखरेखीत असतो. तिथून धारेवर थोडं आडवं गेलं की देखरेख संपते, पण बर्फ दिसायला तसंच असतं, आणि चुका इथेच होतात. 1 फेब्रुवारी 2023 रोजी हापतखुड भागात दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात दगावले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी एक रशियन स्कीपटू. त्याआधी 8 फेब्रुवारी 2010 रोजी खिलनमर्गजवळ लष्कराच्या हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे 17 जवान हिमस्खलनात गेले, आणि ती तर बर्फातच प्रशिक्षण घेणारी माणसं होती.

तिन्ही तारखा फेब्रुवारीच्या आहेत. तीन घटनांवरून नियम निघत नाही, पण पीर पंजाल रांगेतला हिवाळा कसा रचला जातो हे पाहिलं तर फेब्रुवारीत सावध राहायला कारण आहे. नोव्हेंबरात पहिलं बर्फ पडतं, पातळ. मग बऱ्याच वर्षी डिसेंबर कोरडा जातो, 21 डिसेंबरला चिल्लई कलांची चाळीस दिवसांची थंडी सुरू होते आणि आकाश निरभ्र राहतं. जमिनीलगतचं बर्फ शून्य अंशाच्या जवळपास असतं, तर वरचा पृष्ठभाग रात्री उणे 12 किंवा त्याहून खाली जातो. थर 60 सेंटिमीटरचा असेल तर दर 10 सेंटिमीटरला 2 अंशांचा फरक पडला. हा फरक 1 अंशापेक्षा जास्त असला की थरातली वाफ खालून वर सरकू लागते आणि गोल, एकमेकांना चिकटलेले कण जाऊन कोनदार, सुटे कण तयार होतात. मुठीत घेऊन दाबले तरी त्यांचा लाडू वळत नाही. जितकं बर्फ पातळ आणि रात्र थंड, तितकं हे जोरात घडतं. म्हणजे 'यंदा बर्फ कमी आहे, धोका कमी' हा आपल्याकडचा समज उलटा आहे. पुढे जानेवारीअखेर-फेब्रुवारीत पश्चिमी झंझावात येतात आणि या सुट्या कणांवर दोन-तीन दिवसांत मीटरभर नवं बर्फ टाकून जातात. 2023-24 चा डिसेंबर आणि जानेवारीचा बराचसा भाग गुलमर्गमध्ये जवळजवळ कोरडा गेला होता. अशा वर्षी जानेवारीच्या शेवटी 'अखेर बर्फ आलं' म्हणून बुकिंगं सुरू होतात. नेमकं तेव्हाच थांबायला हवं.

माणूस मारणारं हिमस्खलन बहुतेक वेळा स्लॅबचं असतं: वर एकसंध, थोडा घट्ट थर; त्याखाली कमकुवत थर; त्याखाली घसरायला पृष्ठभाग; आणि पुरेसा उतार. स्कीवाल्याच्या वजनाने कमकुवत थर एका जागी बसतो आणि तो बसण्याचा भंग थरातून आडवा धावत जातो. म्हणून फट माणसाच्या पायाशी न पडता कित्येक मीटर वर पडते आणि तो स्लॅबच्या मधोमध सापडतो. त्याच कारणाने 20 अंशांच्या सपाटीवर उभ्या माणसामुळे वरचा 38 अंशांचा उतार खाली येऊ शकतो. 'आपण तर सपाटीवर आहोत' हे वाक्य वर काय आहे ते पाहिल्याशिवाय बोलू नये.

सह्याद्रीत तयार झालेल्या माणसाला इथे एक अडचण येते. कातळावर वावरलेल्याला 35 अंश म्हणजे चालत जायची जागा. तीव्रता वाढली की भीती वाढते, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. बर्फात तसं नाही. स्लॅब सुटतात ते मुख्यतः 30 ते 45 अंशांत आणि सर्वांत जास्त 38 च्या आसपास. त्याहून फार उभ्या भिंतीवर बर्फ साठायच्या आधीच थोडं थोडं झडून जातं. म्हणजे जो उतार स्कीला सर्वांत सुखाचा, तोच सर्वांत वाईट. हा अंदाज डोळ्यांनी येत नाही. वरून बघताना उतार जास्त वाटतो, खालून कमी, आणि ढगात तर काहीच कळत नाही. कोनमापक वापरा, कंपासमध्ये असतो, नाहीतर फोनमधलं अ‍ॅप स्कीपोलच्या दांड्याला लावून चालतं. पोल उतारावर आडवा टाका, त्यावर मोजा. उताराच्या सरासरीपेक्षा त्यातला सर्वांत तीव्र 10-20 मीटरचा पट्टा महत्त्वाचा, कारण सुटतं तिथून. आणि पावसाळी ट्रेकची सवय, की पाऊस थांबला, ढग फुटले, चला, ती तर इथे थेट घातक आहे. वादळानंतरचा पहिला निरभ्र दिवस, निळं आकाश, न उमटलेलं पावडरसारखं ताजं बर्फ आणि गोंडोलाला रांग: बर्फावरचा ताण तेव्हा सर्वांत जास्त असतो.

वाऱ्याकडे आपले गट फार कमी लक्ष देतात. बर्फ पडणं थांबलं तरी वारा धारेच्या एका बाजूचं बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला टाकत राहतो, आणि ते आकाशातून पडणाऱ्यापेक्षा कितीतरी पट वेगाने साठतं. अफरवटच्या गुलमर्गकडच्या बाजूचे बरेच उतार उत्तर ते पूर्व तोंडाचे आहेत आणि झंझावातात वारा बहुधा पश्चिम अंगाने येतो, त्यामुळे भर पडते ती आपल्याला उतरायचं असतं त्याच बाजूला. धारेवर कॉर्निस (धारेबाहेर लोंबणारं बर्फाचं छज्जं) झुलतंय, बर्फावर लाटा कोरल्या आहेत, खडक उघडे पडले आहेत, स्कीखाली ढोलासारखा पोकळ आवाज येतोय: हे सगळं वाऱ्याने लिहिलेलं आहे. कॉर्निसच्या कडेला फोटोसाठी जाऊ देऊ नका. तो तुटतो तो कडेपासून नाही, बराच आतून.

झाडांबद्दलही एक भ्रम आहे. खालच्या जंगलात, फर-भूर्जांत, धोका नाही असं समजून वादळाच्या दिवशी गट तिकडे वळवतात. निर्णय वाईट नाही, पण कारण तपासा. झाडांत सहज वळणं घेत स्की करता येत असेल तर झाडं विरळ आहेत, आणि विरळ झाडं स्लॅब रोखत नाहीत. उलट वाहत जाणारा माणूस त्यांच्यावर आपटतो. ज्या पट्ट्यात झाडांच्या चढाकडच्या बाजूच्या फांद्या तुटलेल्या दिसतात, तिथून हिमस्खलन येऊन गेलं आहे.

आता इशाऱ्यांबद्दल. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था, जिचं जुनं नाव सासे अजून अनेकांच्या तोंडी आहे, हिमस्खलनाचे इशारे काढते आणि जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण ते प्रसृत करतं. त्यांचा साचा असा: अमुक जिल्ह्यात 2,400 मीटरच्या वर पुढील 24 तासांत मध्यम धोक्याचं हिमस्खलन संभवतं. हा इशारा रोज सकाळी वाचलाच पाहिजे. पण तो रस्ते, वस्त्या आणि चौक्या यांच्यासाठी जिल्ह्याच्या मापाने काढलेला असतो. बारामुल्ला जिल्ह्यातल्या कोणत्या तोंडाच्या उतारावर, कोणत्या उंचीला, वाऱ्याच्या स्लॅबचा धोका आहे की जुन्या खोल थराचा, हे त्यात नसतं. 'मध्यम' वाचून 'म्हणजे चालेल' असं ठरवणं चुकीचं आहे. युरोप-अमेरिकेत वापरतात त्या पाच पायऱ्यांच्या मापावरही स्कीवाल्यांचे सर्वाधिक मृत्यू चौथ्या-पाचव्या पायरीला होत नाहीत. तेव्हा कोणी जात नाही. ते होतात तिसऱ्या पायरीला, जेव्हा हिमस्खलन आपोआप येईलच असं नसतं, पण माणसाच्या वजनाने सुटण्याची शक्यता दाट असते.

मग उरलेलं काम गटाने करायचं. त्यात बर्फाचे थर तपासायला खड्डा खणणं येतं, आणि खड्ड्याबद्दल दोन टोकं दिसतात. काही गट खणतच नाहीत, काही खणतात आणि निकाल चांगला आला की त्याला परवाना समजतात. रीत अशी. जिथे उतरायचं आहे त्याच तोंडाचा, त्याच उंचीचा, पण लहान आणि खाली घळ नसलेला उतार निवडा. 25-28 अंशांवरही चालतं. चाचणीसाठी तीव्र उतारात शिरायची गरज नाही. प्रोबने (बर्फात टोचायच्या लांब सळईने) आधी आजूबाजूची खोली टोचून पाहा, म्हणजे खडकावर किंवा जुन्या स्कीच्या वाटेवर खणलं जाणार नाही. 120 ते 150 सेंटिमीटर खोल खणा. खड्ड्याची चढाकडची भिंत सावलीत, उभी आणि गुळगुळीत करा. बोट वरून खाली ओढत न्या. जिथे बोट अडतं आणि लगेच आत जातं, ती जागा नोंदवा. घट्टपणा हाताने कळतो: मूठ शिरते, चार बोटं शिरतात, एक बोट, पेन्सिल, सुरी. मूठ शिरणाऱ्या थरावर पेन्सिलचा थर बसलेला असेल तर खाली पाया नाही. दर 10 सेंटिमीटरला तापमान घ्या.

मग विस्तारित स्तंभ चाचणी, जिला सगळे ईसीटी म्हणतात. उताराला आडवा 90 सेंटिमीटर रुंद, वरच्या दिशेला 30 सेंटिमीटर खोल असा स्तंभ चारही बाजूंनी सुटा करायचा. मागची बाजू गाठी मारलेल्या दोरीने कापतात आणि घाईत तीच अर्धवट राहते. मग स्तंभ मागच्या बर्फाला धरून उभा राहतो आणि निकाल खोटा चांगला येतो. फावड्याचं पातं स्तंभाच्या एका टोकावर ठेवा. मनगटातून हलक्या 10 थापा, कोपरातून 10, खांद्यातून 10. भंग दिसला की थापेचा आकडा धरा. त्याच थापेला किंवा पुढच्या एका थापेला तो पूर्ण 90 सेंटिमीटर धावत पलीकडे गेला तर निकाल ईसीटीपी, म्हणजे भंग पसरतो. तुकडाच फुटून थांबला तर ईसीटीएन. तीसही थापांत काही झालं नाही तर ईसीटीएक्स. थापांच्या आकड्यापेक्षा तो पसरला का, हे आधी विचारायचं. ईसीटीपी आला की त्या तोंडाचे, त्या उंचीचे 30 अंशांवरचे सगळे उतार त्या दिवसापुरते बंद. 'तेराव्या थापेला गेला, म्हणजे तसा मजबूतच' असली सूट द्यायची नाही.

उलट बाजू मात्र खरी नाही. ईसीटीएक्स आला म्हणून उतार उघडत नाही. कमकुवत थर मीटरभराहून खोल असेल तर थापेचा जोर तिथे पोचतच नाही आणि चाचणी गप्प राहते. फेब्रुवारीत डिसेंबरचे सुटे कण दोन मीटर खाली गाडलेले असतात. तो थर स्कीवाल्याला मधोमध लागणार नाही कदाचित; पण उताराच्या कडेला, उघड्या खडकाशेजारी, जिथे वरचं बर्फ पातळ आहे, तिथे एकाच्या वजनाने तो बसतो आणि भंग खोल भागाकडे धावतो. म्हणून आधी दहा जण उतरून गेले हा पुरावा नाही. अकराव्याने फक्त पातळ जागा गाठलेली असते.

चाचणीपेक्षा वरचढ असे काही इशारे आहेत, आणि त्यांना खणावं लागत नाही. शेजारच्या, त्याच तोंडाच्या उतारावर ताजं हिमस्खलन. पायाखाली 'धप्प' आवाज होऊन बर्फ बसणं. स्कीच्या टोकापासून फटी सुटत जाणं. 24 तासांत 30 सेंटिमीटर किंवा अधिक नवं बर्फ, किंवा तेवढंच वाऱ्याने वाहून आणलेलं. तापमान झपाट्याने वाढणं. यातलं एकही दिसलं तर तीव्र उतार सोडायचे, खड्ड्यात काहीही आलं असो. मार्चमध्ये याला ऊन जोडा: पूर्व तोंडाचे उतार सकाळीच तापतात, घोट्याच्या वर बूट रुतायला लागला की तिथून निघायचं.

आता आयोजक म्हणून तुमच्या हातात जे आहे ते. पंधरा जणांचा गट आणि एक स्थानिक गाइड ही रचना बॅककंट्रीत चालत नाही. चार ते सहा जणांमागे एक, आणि तो गुलमर्गच्या बर्फात त्या हंगामात रोज वावरणारा असावा. गेल्या वर्षीचा अनुभव गेल्या वर्षीच्या थरांचा. शंकास्पद उतारावर एका वेळी एकच माणूस. बाकीचे सुरक्षित जागी, त्याच्यावर नजर ठेवून; 'सुरक्षित' म्हणजे धारेवर किंवा वाटेच्या बाजूला, उताराच्या पायथ्याशी नव्हे. खाली घळ, ओढा किंवा कडा असेल तर लहानसं स्खलनही माणसाला खोल गाडतं. ऑक्टोबर 2022 मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर अनेक शिकाऊ गिर्यारोहक वाहून हिमभेगेत पडले होते. सुटलेलं बर्फ किती आहे याइतकंच ते कुठे जाऊन थांबतं हेही महत्त्वाचं.

ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायला रेडिओ संदेश पाठवणारं आणि ऐकणारं यंत्र), प्रोब आणि फावडं प्रत्येकाकडे. तीन गटांत मिळून दोन फावडी असली हिशेबी काटकसर सर्रास दिसते, म्हणून स्पष्ट लिहितो. ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झचा, तीन अँटेनांचा. बॅटरी अल्कलाइन, रिचार्जेबल नाही, कारण रिचार्जेबल बॅटऱ्या संपताना टक्केवारी नीट दाखवत नाहीत. तो जॅकेटच्या आत, पट्ट्याने अंगाला बांधलेला हवा, बॅगेत नाही. फोन आणि अ‍ॅक्शन कॅमेरा ट्रान्सीव्हरपासून, तो संदेश पाठवत असताना किमान 20, शोधताना 50 सेंटिमीटर लांब. शोधणाऱ्याने फोन बंदच करावा. प्रोब किमान 240 सेंटिमीटरचा. फावडं धातूचं, प्लास्टिकचं पातं घट्ट बसलेल्या बर्फावर वाकतं. रोज सकाळी गोंडोलाआधी प्रत्येकाचं पाठवणं आणि ऐकणं दोन्ही तपासा, एकेकाला समोरून चालवत.

हे इतकं का, तर वेळेमुळे. पूर्ण गाडलेल्यांना पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले साधारण नऊ वाचतात. अर्ध्या तासापर्यंत ते प्रमाण तीनवर येतं. बचावपथक कितीही तयारीचं असलं तरी 10 मिनिटांत पोचणार नाही, म्हणजे वाचवणार ते शेजारी उभे असलेलेच. त्यातही सगळ्यांत जास्त वेळ शोधण्यात नाही, खणण्यात जातो. एक मीटर खोल माणूस काढायला टनाहून जास्त बर्फ हलवावं लागतं. प्रोब लागला की तो तसाच राहू द्या, त्याच्या खालच्या अंगाने, खोलीच्या दीडपट अंतरावरून आडवं खणत आत या आणि दोन-दोन मिनिटांनी पुढचा माणूस बदला. वरून खाली सरळ खड्डा काढत बसलेले गट माणसाच्या डोक्यावरच उभे असतात, आणि त्याच्या श्वासाची पोकळी तुडवतात. हा सराव गुलमर्गला पोचल्यावर पहिल्याच दिवशी, गाडलेल्या बॅगेवर, घड्याळ लावून करा. दोन बॅगा 10 मिनिटांत निघत नसतील तर तो गट हद्दीबाहेर न्यायचा नाही. आणि एअरबॅग (बर्फावर तरंगत ठेवणारी, फुगणारी पाठपिशवी) असली तरी हिशेब बदलत नाही: कॅनडातल्या अभ्यासात हिमस्खलनातल्या मृत्यूंपैकी साधारण चौथा हिस्सा गुदमरून नव्हे, आपटून झालेला आढळला.

शेवटी पैशांचं. सहभागींच्या फॉर्ममध्ये चार ओळी घाला, आणि मराठीत घाला. पहिली: कोणता उतार, हे त्या सकाळी ठरेल; बॅककंट्रीचा एकही दिवस न मिळता सहल संपू शकते. दुसरी: तसं झालं तर गोंडोला आणि गाइडचे न वापरलेले पैसे परत मिळतील, कापून ठेवलेल्या पैशांचं दडपण गाइडच्या डोक्यावर येतं. तिसरी: गटातला कोणीही, सर्वांत नवखाही, 'नको' म्हणाला तर गट तो उतार सोडेल आणि कारण विचारणार नाही. चौथी: गाइडला मानधन दिवसावर मिळेल, उतारांच्या संख्येवर नाही. डिसेंबरमध्ये पत्रकं छापायला जातात, त्याआधी हा मजकूर आपापल्या कार्यकारिणीपुढे ठेवावा ही विनंती.

आपले,
हिमालयात स्की करणारे आणि शिकवणारे काही मराठी गिर्यारोहक